दोन मिलिमीटरचे आटे

प्रिय वन्सं,

पत्राला सुरुवात करण्यातच तीन कागद वाया गेले. ते तिन्ही तुमच्या बंधुराजांनी मागच्या कोऱ्या बाजूवर शब्दकोडी सोडवायला पळवले, म्हणून हा चौथा मी त्यांच्यापासून लपवून लिहितेय. फोन करावा म्हटलं तर तुम्ही फोनवर येत नाही, भाचीच्या हातात देता, आणि आलात तरी माझं एक वाक्य धड पुरं होऊ देत नाही. पत्रात तुम्हाला मध्येच बोलता येणार नाही. हा फायदा मला तेहतीस वर्षांत पहिल्यांदा मिळतोय आणि मी तो पुरेपूर घेणार आहे. तेव्हा चष्मा लावा, पाय वर घेऊन बसा आणि निवांत वाचा. भाचीला वाचून दाखवायला सांगू नका, हे फक्त तुमच्यासाठी आहे.

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. पाकिटावर भाचीचं अक्षर दिसलं तेव्हाच मी ते दारात उभ्याउभ्याच फोडलं, कारण आजवर तुम्ही वाणसामानाची यादीसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घेतलेली नाही. आत मोजून चार ओळी. हत्यारांची पेटी तंत्रशाळेच्या सरांना देऊन टाक, ते रविवारी सकाळी न्यायला येतील. बोट तू ठेव नाहीतर कुणाला दे. माझे हात गेले. मला आता त्यात ओढू नकोस. वन्सं, तीन वर्षं आपण दोघी त्या बोटीच्या मागे लागलो होतो आणि तिची बोळवण चार ओळींत? दूधवाल्याला उद्यापासून अर्धाच लिटर टाक म्हणून सांगायला तुम्ही याहून जास्त लिहिता. आज बुधवार आहे. उद्या सकाळच्या टपालात हे पडलं तर शुक्रवारी तुम्हाला मिळेल, म्हणजे रविवारच्या आत एक दिवस उरतो. त्या एका दिवसासाठी हा सगळा खटाटोप.

भाचीशी माझं बोलणं होतं, हे तुम्हाला माहीत नसेल. ती सांगत होती, आई दिवसभर हात मांडीवर ठेवून बसून असते. सुईत दोरा मला ओवायला लावते, चार माणसं बसली असली की चहाचा कप उचलत नाही, निवू देते. डॉक्टरांनी तपासून काही झालेलं नाही असं सांगितलं, तर तुम्ही म्हणे त्यांनाच सुनावलंत, की आटे पाडायचा दोन मिलिमीटरचा टॅप कसा तुटतो हे ज्याला ठाऊक नाही त्याने माझ्या हातांबद्दल बोलू नये. मला आधी हसू आलं. मग फोन ठेवला आणि हसू मावळलं. एकतीस वर्षं घड्याळाच्या कारखान्यात तिळाएवढे स्क्रू चिमट्याने उचलून बसवणारी बाई, आणि तिने कप उचलायला घाबरावं, हे मला सहन होत नाही. स्पष्टच सांगते.

तो शनिवार माझ्याही डोळ्यांपुढून हलत नाही. सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर, खिडकीकडची खुर्ची तुमची, दाराकडची माझी, मध्ये दोन फूट लांबीची आपली वाफेची बोट, अजून इंजिनाशिवाय, पोट उघडं टाकून बसलेली. पहिला सिलिंडर गेल्या महिन्यात झाला होता. अंगठ्याएवढा पितळी ठोकळा, वर झाकण, झाकणाला सहा स्क्रू. काय सुरेख बसले होते ते सहाच्या सहा. दुसऱ्या सिलिंडरचंही तसंच व्हायचं होतं. कामाची वाटणी तुम्हीच पहिल्या दिवशी करून टाकली होती, भोकं वहिनीने पाडायची आणि आटे मी पाडायचे. मी एक पॉइंट सहाच्या ड्रिलने भोक पाडलं की तुम्ही त्यात दोनचा टॅप फिरवायचा, दोन फेरे पुढे, अर्धा मागे, कचरा निघून जाऊ दे, परत दोन पुढे. त्या दिवशी पहिल्याच भोकात तुम्ही म्हणालात, आज जड जातंय गं. मी म्हटलं, तेल टाका. तुम्ही तेल टाकलंत. तरी जड. तेव्हा मी हसत हसत म्हटलं, वय झालं हो वन्सं आता. आणि पुढच्याच फेऱ्याला तो टॅप कट्कन तुटला, अर्धा आत, अर्धा तुमच्या हातात.

ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही उजवा हात उलटा-सुलटा करून बघितलात, मग एकेक हत्यार पुसून पेटीत ठेवलंत, आणि दुसऱ्या दिवशी आठ दिवसांसाठी म्हणून लेकीकडे गेलात. त्या आठ दिवसांचे आता सहा आठवडे झालेत. ते वय झालं मी गमतीत म्हटलं होतं, पण गमतीत म्हटलेलं परत घेता येत नाही, हे मला तुमच्या रिकाम्या खुर्चीने चांगलं शिकवलंय. जीभ चावली असती तर बरं झालं असतं.

तर मी ठरवलं की आपणच काहीतरी करायचं. तुटलेला टॅप काढायचा, नवा आणायचा, झाकणाचे स्क्रू आणायचे, आणि सगळं तयार ठेवून तुम्हाला बोलवायचं. ठरवायला काय जातंय. आजवर सगळी खरेदी तुम्ही केलीत, मी पिशवी धरून मागे उभी. एकटी निघाले तेव्हा कळलं की दोन मिलिमीटर ही वस्तू जगात कुणाला नकोच आहे. नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे गेले. त्याला सांगितलं, भोकात आतून आटे पाडायचं हत्यार हवंय, स्क्रूसारखंच दिसतं, पण पोलादाचं असतं आणि त्याला उभ्या खाचा असतात, दोन मिलिमीटरचा टॅप. त्याने एक आणून पुढ्यात ठेवला तो माझ्या करंगळीएवढा. म्हटलं, याहून बारीक. त्याने जरा बारीक आणला. असं करता करता त्याचा माल संपला आणि माझं म्हणणं काही संपेना. शेवटी तो म्हणाला, मावशी, एवढ्या बारीक स्क्रूने तुम्ही काय जोडणार, मुंगीची खुर्ची? दुकानातली चार माणसं दात काढायला लागली. मीही हसले, पण मनात म्हटलं, वन्सं असत्या तर याची अशी कानउघाडणी झाली असती की हा आठवडाभर दुकान उघडता ना.

मग चष्मेवाला. त्याच्याकडे बारीक स्क्रू भरपूर, पण ते फारच बारीक, आणि सगळ्यांच्या डोक्याला चीर. तुमची अट मला पाठ आहे. खऱ्या बोटीच्या इंजिनाला चिरेचे स्क्रू नसतात, षटकोनी डोक्याचे बोल्ट असतात, तेव्हा आपल्यालाही षटकोनीच हवेत. या अटीवर मी कितीदा नाक मुरडलं असेल, पण त्या दिवशी चष्मेवाल्याने चिरेचा एक पुढे केला तर मीच त्याला म्हटलं, छे, हे आमच्या इंजिनाला शोभणार नाहीत. माझ्याच तोंडून तुमचं वाक्य बाहेर पडलं. त्याने विचारलं, कसलं इंजिन. मी सांगत बसले. बोट, तिच्या दोन बाजूंची चाकं, बागेतल्या तळ्यात एक दिवस सोडायचा बेत, सगळं. त्याचं गिऱ्हाईक चष्म्याशिवाय ताटकळत उभं होतं बिचारं. पण त्या बोलण्याचा फायदा झाला, त्यानेच मला घड्याळवाल्याकडे पाठवलं.

घड्याळवाला म्हणजे जिन्याखाली एक खिडकी, खिडकीत एक माणूस, आणि त्या माणसाच्या डोळ्याला भिंग. त्याच्यापुढे सिलिंडर ठेवला. त्याने बघितलं आणि म्हणाला, पितळेत पोलाद अडकलंय ना, मग काळजी कसली, तुरटीच्या पाण्यात उकळा. तुरटी पोलाद हळूहळू खाते आणि पितळेच्या वाटेला जात नाही. मला वाटलं माझी थट्टा करतोय. पण त्याने शपथेवर सांगितलं, वर बजावलं की भांडं स्टीलचं घेऊ नका, तेही खराब होईल. घरी येऊन काचेचं भांडं काढलं, तुरटी विरघळवली, सिलिंडर दोऱ्याला बांधून आत सोडला आणि गॅस अगदी बारीक ठेवला. दोन दिवस ते रटरटत होतं. दर तासाला पाणी वाढवायचं काम तुमच्या बंधुराजांकडे दिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादं काम वेळेवर केलं. वेळा कागदावर लिहून फ्रिजला चिकटवल्या आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवत सुटले, बघा, इथे शास्त्रीय प्रयोग चाललाय. दुसऱ्या दिवशी दुपारी एवढ्या शास्त्रीय माणसाने त्यात चहाची पावडर टाकायला डबा उघडला. मी वेळेवर पोचले म्हणून, नाहीतर त्यांच्या पोटातलं पोलाद बाहेर आलं असतं.

पण खरंच निघालं हो. संध्याकाळी सिलिंडर बाहेर काढून टाचणीने टोचलं तर काळा चिखल बाहेर आला, आणि आतून पितळ जसंच्या तसं. तुम्ही पाडलेले आटेसुद्धा जागच्या जागी. मी आणि तुमचे बंधुराज, दोघं ओट्याशी उभे राहून आळीपाळीने त्या भोकात बघत होतो. त्यांना चुकल्यासारखं वाटत होतं तुमच्याशिवाय. तसं तोंडाने बोलणार नाहीत, पण त्यांनी रात्रीच्या जेवणाची ताटं घेतली ती तीन, मग एक परत ठेवलं.

आता टॅप. त्यासाठी घड्याळवाल्याने एका हत्यारवाल्या आजोबांचा पत्ता दिला होता, आणि देताना म्हणाला होता, जाताना धीर धरून जा. का ते गेल्यावर कळलं. गल्लीच्या टोकाला अरुंद दुकान, भिंतीला छतापर्यंत लाकडी खण, खणांवर खडूने आकडे. आजोबा ऐंशीच्या घरातले, कानाने कमी, पण नजर अशी की माझ्या पिशवीत काय आहे ते त्यांना बाहेरून दिसलं असावं. मी म्हटलं, दोनचा टॅप द्या. ते म्हणाले, जुना कुठे आहे. तुटका तुकडा दाखवला. ते म्हणाले, ड्रिल कुठे आहे, आणि ज्यात तुटला ते काम कुठे आहे. मी म्हटलं, ते घरी आहे, तुम्ही टॅप तर द्या. नाही दिला. त्यांच्या दुकानाचा नियमच आहे. तुटलेल्या टॅपच्या जागी नवा मागायला आलात तर टॅप, ड्रिल आणि काम तिन्ही आणायचं, ते बघणार, का तुटला ते त्यांना कळणार, मगच नवा मिळणार. नाहीतर म्हणे लोक आठ दिवसांनी तोंड पाडून परत येतात आणि हत्याराला नावं ठेवतात. असा उलटा दुकानदार मी जन्मात बघितला नव्हता. तुमची आठवण आली, खरंच, तुम्ही दुकान काढलं असतं तर अगदी असंच चालवलं असतं.

मी पाय आपटत घरी आले. दुसऱ्या दिवशी सिलिंडर आणि आपली ड्रिलची लाकडी पेटी घेऊन परत गेले. त्याला आज नऊ दिवस झाले. आजोबांनी पेटीतलं एक पॉइंट सहाच्या खाचेतलं ड्रिल उचलून जाडी मोजायच्या मायक्रोमीटरमध्ये धरलं, मग सिलिंडर दिव्याखाली घेऊन भिंगातून बराच वेळ बघितला. ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होते. मग माझ्याशी दोन-चार वाक्यं बोलले. ती काय ते मी शेवटी लिहिते, आत्ता लिहिलं तर तुम्ही पत्र अर्ध्यावरच टाकून द्याल. एवढंच सांगते की त्यानंतर त्यांनी खण उघडला आणि दोनचा टॅप दिला, आणि त्याच्याच शेजारच्या काचेच्या बरणीतून षटकोनी डोक्याचे बोल्ट काढले. वन्सं, काय बोल्ट आहेत. तांदळाच्या दाण्याएवढे, सहाही कोपरे टोकदार, पितळी. आपल्याला लागतात सहा, मी वीस आणले, कारण तुम्ही एक टेबलाखाली पाडणार आणि मग आपण दोघी चादरीखाली रांगत शोधणार, हे ठरलेलं आहे.

घरी आल्यावर मी एक आगाऊपणा केला. पितळेच्या टाकाऊ तुकड्यात नीट मापाचं भोक पाडून स्वतः टॅप फिरवून बघितला. माझे हात तुम्हाला माहीत आहेत, शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं शिक्के मारलेले. तरी तो टॅप लोण्यात जावा तसा गेला. दोन पुढे, अर्धा मागे. त्यात बोल्ट फिरवला, तो बसला. बंधुराजांना दाखवला, तर ते म्हणाले, मला वाटलं यात काही अवघड असतं. त्यांना मी खुर्चीत बसवून टॅप हातात दिला, तर त्यांनीही पाडले आटे. जरा तिरके, पण पाडले. ज्या माणसाला डब्याचं झाकण सरळ लावता येत नाही त्याने. हे मी तुम्हाला हसवायला लिहीत नाही. म्हणजे हसा, पण त्यातलं काय ते लक्षात घ्या. ज्यात माझे आणि त्यांचे हात चालले त्या कामात तुमचे हात चालत नाहीत, असं होईल का?

दुसऱ्या सिलिंडरच्या उरलेल्या पाच भोकांना मी टॅप लावलेला नाही. ती भोकं फक्त नीट मापाने मोठी करून घेतली आहेत, आजोबांनी मोजून दिलेल्या ड्रिलने. टॅप तुटला त्या भोकात तुमचे अर्धे आटे आहेत, ते तुम्हीच पुरे करायचे, पण त्याआधी त्यातही ते ड्रिल एकदा हाताने फिरवून घ्यायला लागेल, असं आजोबा म्हणाले. तेवढं मी तुमच्यासमोर करीन, तुम्ही बघत असताना. टेबलावर चादर अंथरून ठेवली आहे. तंत्रशाळेच्या सरांनाही मी काल फोन केला आणि सांगितलं की रविवारी जरूर या, चहा घ्या, पण पेटी मिळेलच असं धरू नका. ते जरा गोंधळले. मग म्हणाले, पेटी नाही मिळाली तरी चालेल, बोट बघायला मिळेल का. माणूस बरा वाटला.

आता ते राहिलेलं लिहिते. वन्सं, तुमचे हात गेलेले नाहीत, माझं भोक चुकलं होतं. त्या शनिवारच्या आदल्या दिवशी मला आवरायची हुक्की आली. ड्रिलची पेटी उपडी केली, एकेक ड्रिल घासलं, पुसलं, तेल लावलं, आणि चष्मा न लावता नुसत्या अंदाजाने परत खाचांमध्ये रोवलं. एक पॉइंट सहाच्या खाचेत एक पॉइंट चारचं गेलं. दोन केसांचा फरक, डोळ्यांना कुठला दिसतोय. शनिवारी पेटी तुमच्यापुढे ठेवली तेव्हा तुम्ही चक्क छान म्हणालात, आणि मी त्या तोऱ्यात सहाच्या सहा भोकं बारीक पाडून ठेवली. वर तुमचं वय काढलं. आजोबांनी मोजलं तेव्हा हे सगळं माझ्या लक्षात आलं, आणि तरी आठवडाभर मी गप्प बसले. तेहतीस वर्षं तुम्ही माझ्या आवराआवरीवर बोलत आलात, त्यात ही भर आपणहून घालायची माझी हिंमत होईना. वाटलं, नवा टॅप आणलाय, भोकं मोठी केलीत, वन्संना काही कळायचं कारण नाही. मग तुमच्या चार ओळी आल्या. तिकडे तुम्ही चहाचा कप उचलेनाशा झालात आणि इकडे मी माझी अब्रू सांभाळत बसले होते. मला माझीच लाज वाटली. तर आजोबा काय म्हणाले ते ऐका. असल्या भोकात ब्रह्मदेवाचा टॅपसुद्धा दुसऱ्या फेऱ्याला तुटेल, पण यात नऊ आटे पडलेत, नऊ, आणि एकही फाटलेला नाही. साठ वर्षं हा धंदा करतोय, असं बघितलं नाही, कुणाचा हात आहे हा? मी म्हटलं, माझ्या नणंदेचा. मग त्यांनी विचारलं, हे त्यांना सांगितलंत का? तेव्हा मी विषय बदलून बोल्ट मागितले. आज सांगितलं. शनिवारी सकाळी निघालात तर दुपारी चारपर्यंत घरी पोचाल, आणि तुम्हाला मला जे काही बोलायचं असेल ते समोर बसून बोला, मी मध्ये तोंड उघडणार नाही.

तुमचीच, आणि यापुढे ड्रिल मोजल्याशिवाय भोक न पाडणारी,
वहिनी